अस्वलाचे न झडलेले केस

बसा. पाय हलवू नका, ओटा माझा आहे. मला गोष्टी सांगायची काडीची हौस नाही. सूनबाई म्हणाली, "मामंजी, दिवसभर कुरकुरता, त्यापेक्षा पोरांना गोष्ट सांगा." म्हणून सांगतो. मधे कुणी 'मग काय झालं' विचारलं तर उठून जाईन.

एका जंगलात एक अस्वल होतं. सिंहाच्या नोकरीत होतं. नदीवरून ओंडके ओढायचं. अंगावर केस इतके, की उवासुद्धा वाट चुकायच्या.

एकदा त्याच्या मानेत गाठ आली. साधी नव्हे. वाढणारी, जीव घेणारी.

त्या जंगलात बगळा वैद्य होता. गाठ कुठंही असो, तो कढईभर काढा पाजायचा. काढा अंगभर फिरायचा. गाठ मरायची, पण केस झडायचे, जीभ सोलायची, आजारी निम्मा व्हायचा. कधी गाठीच्या आधी आजारीच आटपायचा. तरी जनावरं म्हणायची, औषध जालीम आहे हो!

अस्वल घाबरलं. ते सुतारपक्षिणीकडे गेलं. तिनं मानेत बारीक भोक पाडलं आणि तोच काढा आटवून मेणात घोळलेली गोळी गाठीला लावून बसवली.

"अंगाच्या उबेनं मेण हळूहळू विरघळेल," ती म्हणाली. "औषध गाठीपाशीच झिरपेल. पण गोळी संपेपर्यंत पडून राहायचं. ओंडका ओढलास तर गोळी फुटेल, सगळं औषध एकदम अंगात जाईल. मग मला हाक मारू नकोस."

अस्वल गुहेत पडून राहिलं. शेजाऱ्यांनी फळं आणून द्यायची, असा तिथला रिवाज होता. फळं घेऊन सगळे भेटायला आले.

हरीणकाकूंनी अस्वलाला खालून वरून न्याहाळलं. "जेवण जातं?"

"जातं."

"उलट्या?"

"नाहीत."

"अगंबाई! मग आम्ही काय बघायला आलो?"

कोल्ह्यानं पाठीवरचे केस ओढून बघितले. "घट्ट आहेत की! आमच्या मामांनी काढा घेतला तेव्हा अंगावर केस औषधालाही उरला नव्हता. त्याला म्हणतात आजार. हे नाटक आहे."

जाताना काकूंनी फळं परत नेली.

संध्याकाळी सिंहाचा निरोप आला. केस शाबूत असलेल्याला रजा मिळणार नाही. सकाळी ओंडक्यावर हजर व्हावं.

अस्वल रडलं. "गेलो तर मेलो. नाही गेलो तर सिंह मारेल."

अस्वलीण शहाणी होती. तिनं माकडाला बोलावलं. माकडाकडे वस्तरा होता. कुठून आला ते विचारू नका.

"सगळे काढ," ती म्हणाली.

"अगं, माझी शोभा जाईल!"

"केस परत येतील हो. तुम्ही गेलात तर परत येणार आहात का?"

माकडानं वस्तरा चालवला. अस्वल सोललेल्या रताळ्यासारखं दिसायला लागलं.

सकाळी सिंह स्वतः आला, बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. "अरेरे! पडून राहा बाबा." हरीणकाकू धाय मोकलून रडल्या. कालची फळं परत आली, वर मधाचं पोळं आलं. कोल्हा म्हणाला, "मी कालच म्हटलं होतं, लक्षण बरं नाही."

अस्वल निवांत पडून राहिलं. मेण विरघळलं, गाठ विरली, केस पुन्हा आले.

बगळा म्हणाला, "माझ्याच काढ्याचा वास त्याच्या नाकात गेला असेल, म्हणून बरं झालं." सिंहानं त्याला शाल दिली.

अस्वल ज्याला त्याला सांगत सुटलं, "अहो, गोळीनं बरा झालो! मेणाच्या गोळीनं!" पण सगळ्यांनी काय बघितलं होतं? अस्वल भादरलं आणि बरं झालं, एवढंच. तेव्हापासून ज्याला गाठ येते तो माकडाकडे जातो. तिथं रांग असते. सुतारपक्षीण गोळ्या घेऊन एकटीच बसलेली असते.

तात्पर्य: औषध गाठीपुरतं असलं तरी चालेल, आजार मात्र अंगभर दिसला पाहिजे. नाहीतर बरे होण्याआधी खोटे ठराल.

झाली गोष्ट. उठा आता. आणि माझ्या मानेवरचा हा व्रण बघू नका. त्या वेळी हातात केळी घेऊन भेटायला आलेला, माझे केस ओढून बघणारा, केळी परत घेऊन जाणारा आणि अजून माफी न मागितलेला माणूस कोण, ते हवं तर सूनबाईला विचारा. तिचाच बाप तो. आमचे व्याही, धोंडीराम डुबल.