पुण्यापेक्षा नगर बरं, हे पटवताना

शनिवारी सकाळी साडेनऊला माझ्या बायकोच्या, ज्योतीच्या, कंपनीचा मेल आला. बढती मंजूर, ठिकाण पुणे, होकार की नकार ते अकरापर्यंत कळवा.

या बढतीची तिने सहा वर्षं वाट पाहिली होती. पण मी पडलो वृत्तसंपादक, ‘पुणे की नगर’ अशी लेखमाला चालवलेला माणूस! म्हटलं, चहा निवायच्या आत हिचं मत बदलतो!

“तिथे घरभाडं तिप्पट. ऑफिसला पोचेपर्यंत माणूस निवृत्तीला येतो!”

“तिथे नळाला रोज पाणी येतं.”

“पाणी येतं, पण माणसं येतात का? इथे नगरमध्ये जरा काही झालं तर आपल्या भागातली माणसं, अख्खी सावेडी धावून येईल!”

“आधी भाजी आणा,” ज्योती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या झुंबरबाईंनी मला पाहताच विचारलं, “काय वो सायेब, तोंड का उतरलंय?”

“ज्योती पुण्याला चालली.”

“आन् तुमी?”

“मी इथंच! तिला तिकडंच बरं वाटतंय, त्याला मी काय करू?”

एवढंच बोललो. अर्धवट बातमीचं पुढे काय होतं, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवं होतं!

मेथी निवडून घेतोय तोवर झुंबरबाईंनी दोन फोन केले. परतताना शेजारच्या आबासाहेबांनी मला हात धरून ओट्यावर बसवलं.

“कुरबुरी कुणाच्या घरात नसतात? कधीपासून चाललंय हे?”

मला वाटलं, पुणे-नगर वादाबद्दल विचारताहेत. “लग्नापासून!”

“अरेरे! हात तर नाही ना उचलला?”

“कुणी? कुणावर?”

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला आणि मलाच धीर दिला. चांगला अर्धा तास!

घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग! हॉलमध्ये निम्मी गल्ली बसलेली. दुकान टाकून आलेल्या झुंबरबाई ज्योतीचा हात धरून सांगत होत्या, “पोरी, नवरा म्हंजी जरा येडाच आसतो. पन संसार मोडू नगं!”

ज्योती माझ्याकडे शांतपणे पाहत होती. 

“तुमची सावेडी आली आहे,” ती म्हणाली. “दूध संपलं.”

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. नकाराचा मेल पूर्ण लिहून तयार होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

“तुम्ही भाजीला गेलात तेव्हाच लिहिला होता. म्हटलं, राहू इथंच.”

मग माझ्या आणि अख्ख्या गल्लीच्या देखत तिने तो पुसला आणि होकार पाठवला. अकराला पाच कमी होते.

ज्योती पुण्यात रुजू झाली, त्याला आज तीन आठवडे झाले. रात्री फोन येतो. शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही, झोप मात्र छान लागते, म्हणते. मी तिकडे कधी येणार, हे तिने अजून विचारलेलं नाही.