सकाळचे वेल्डिंग आणि दुपारचे वेल्डिंग

दिनांक ४ मार्च, मंगळवार, सकाळी दहा वाजता, आयोवा राज्यातील टॅमरॅक परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजात समकक्षता समितीची सभा भरली. ज्ञान एकच असले तरी ते कोणत्या दारातून आत आले, हे तपासणे संस्थांचे आद्य कर्तव्य होय. आणि आमची समिती कर्तव्यात कधी कसूर करीत नाही.

हायस्कुलात शिकलेले कसब कॉलेजात धरले जावे, याकरिता आमच्याकडे 'सेतू' योजना आहे. सात वर्षांत तिची चौदा माहितीपत्रके आणि तीन बोधचिन्हे निघाली. (सेतूवरून पलीकडे गेलेल्यांची संख्या अद्याप संकलित होत आहे.)

प्रकरण टेसा लिंडक्विस्ट या मुलीचे होते. हायस्कुलातले तिचे दोन वर्षांचे वेल्डिंग धरले, तर ऑगस्टपर्यंत प्रमाणपत्र आणि कापणीयंत्रांच्या कारखान्यात तिच्यासाठी राखलेली जागा. न धरले, तर पुन्हा एक वर्ष, आणि जागा गेली.

परगण्यात वेल्डिंगचे शिक्षक एकच, ड्वेन ओडेगार्ड. शेडही एकच. सकाळी दारावर हायस्कूलची पाटी असते. एक वाजता ओडेगार्ड ती उलटी करतात आणि कॉलेज सुरू होते. (यंत्रांना हा बदल कळवण्यात आलेला नाही.) नियमानुसार हायस्कूलच्या ओडेगार्डांनी कॉलेजच्या ओडेगार्डांना अभ्यासक्रम पाठवला. कॉलेजच्या ओडेगार्डांनी विहित दहा दिवस विचार करून तो शंभर टक्के जुळत असल्याचे कळवले. येथेच घात झाला. साम्य ऐंशी टक्क्यांहून कमी असल्यास अभ्यासक्रम अपात्र ठरतो. पंच्याण्णवहून अधिक असल्यास ती नक्कल समजली जाते, आणि नक्कलही अपात्रच.

"मॅडम, दोन्हीकडे मीच शिकवतो," ओडेगार्ड म्हणाले.

"तीच तर अडचण आहे, सर," अध्यक्षा डॉ. प्रिसिला हॅथवे मायेने म्हणाल्या. "तुमच्यावर तुमचाच प्रभाव पडला असणार."

टेसाने विचारले, "म्हणजे मी त्याच शेडमध्ये, ह्यांच्याकडूनच, तेच परत शिकायचं?"

"पोरी," बियाण्यांचे व्यापारी व ज्येष्ठ सदस्य वर्ल नायगार्ड म्हणाले, "सकाळी शिकलीस हे कोण नाकारतंय? दुपारी शिकली नाहीस, एवढंच म्हणणं आहे."

लोकशाही म्हणून उपस्थित पालकांचे मत घेतले. आपला मोडका नांगर टेसाकडून जोडून घ्याल काय? अकराच्या अकरा हात वर. (चौघांनी आधीच घेतला होता.) तिचे शिक्षण कॉलेजात धरावे काय? एकही हात नाही. आपल्या मुलांनी फी भरून मिळवलेली प्रमाणपत्रे स्वस्त होतील, असे त्यांचे म्हणणे पडले. मग समितीने ठराव सर्वानुमते फेटाळला. मी समितीचा चिटणीस; फेटाळण्यासाठी माझा हात सर्वांत आधी वर गेला. वाचक आमच्यावर हसत असतील, तर खुशाल हसावे. पण आपल्या घरी कारागीर आला असता आपण आधी त्याचे काम पाहिले की कागद, हेही जमल्यास आठवावे.

कारखान्याचे फोरमन लायल ब्रंक यांना तज्ज्ञ म्हणून बोलावले होते. टेसाने जोडलेला पाइप त्यांनी शिकंज्यात धरून वाकवला. पाइप वाकला, सांधा हलला नाही. त्यांनी तो उजेडाला धरून बराच वेळ न्याहाळला, मग टेसाच्या हातात परत दिला.

"सांधा पक्का आहे," ते म्हणाले. "जागा दुसऱ्याला जाईल."