वखारवाडीचे पादत्राण दालन

माणूस पायाने चालतो आणि गाव ठरावाने चालतं. सोलापूर जिल्ह्यातल्या वखारवाडीने आजवर ठरावाशिवाय एकच गोष्ट केली, ती म्हणजे होती तेवढी झाडं तोडली. (तो ठराव मागाहून झाला.)

मैंदर्गीच्या रस्त्यावरचं हे गाव. एके काळी ओढ्याच्या दोन्ही काठांनी बाभळीचं रान होतं आणि गावात लाकडाच्या अकरा वखारी होत्या. रान संपल्यावर गावाने वृक्षतोड कायमची बंद केली, आणि त्याबद्दल गावाला प्रशस्तिपत्र मिळालं. मागे उरले सालीचे ढीग आणि लाकूडतोड्यांच्या तळव्यांत मोडलेले काटे. या दोहोंतून गावचा चप्पलधंदा उभा राहिला.

तो उभा केला तानाबाईनं. तिचा नवरा अनवाणी लाकडं तोडायचा. एका आठवड्यात तिने त्याच्या पायातून नऊ काटे काढले आणि दहाव्याला ती कंटाळली. माहेरी, करकंबला, तिने कातडं कमवायचं काम पाहिलं होतं. वखारीतली बाभळीची साल भिजवून तिने कातडं कमावलं आणि बोटभर जाड तळाचा जोड केला. पुढे साठ घरांत हेच काम सुरू झालं. आज त्यातली चार घरं उरली आहेत, आणि त्यांतलं एक तिच्या नातवाचं, जालिंदरचं.

तो पहिला जोड जालिंदरने जपला होता. दर दिवाळीला त्याला एरंडेल लावायचं आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवायचा, हा त्याचा नेम. त्याची इच्छा एवढीच होती, की आजीचं नाव गावात कुठेतरी लिहिलेलं दिसावं. अकराही वखारवाले चौकाचौकांत नावानिशी हजर होते (एक तर दोनदा). तानाबाईचं नाव फक्त मतदार यादीत आलं होतं, तेही चुकून ‘दानाबाई’ असं.

म्हणून गावाने ‘पादत्राण वारसा दालन’ काढायचं ठरवलं तेव्हा जालिंदरला फार आनंद झाला. समिती सात जागांची होती. पाच वखारवाल्यांचे वारस, सचिव म्हणून निवृत्त हेडक्लार्क वेणीमाधव, आणि एक जागा तज्ज्ञासाठी रिकामी. (चप्पल करणाऱ्याला घेता आलं नाही, कारण त्याचा विषयाशी थेट संबंध येत होता.)

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जालिंदर फडकं घेऊन दालनाशी गेला. अध्यक्ष महादेवप्पांनी त्याला दारातच अडवलं.

“चपला आत न्हाय, जालिंदर. फरशी नवी हाय.”

“अण्णा, पायात कुटं हायत? हातात हायत की.”

“हातात असू दे न्हायतर डोक्यावर. आत समई हाय, फोटो हायत. चप्पल ती चप्पलच.”

“मग दालन कशाचं हाय हे?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. तरी समितीने तातडीची बैठक घेतली आणि वेणीमाधवांनी सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला: ‘प्रदर्शनीय पादत्राणे दालनाबाहेर, पायरीलगतच्या मांडणीवर ठेवण्यात यावीत. त्यांची माहितीपत्रके आत काचेच्या कपाटांत लावण्यात यावीत. येणेप्रमाणे इतिहास व स्वच्छता या दोहोंचे जतन होईल.’

जालिंदर अनवाणी आत गेला. सत्तेचाळीस रिकामी कपाटं चकचकत होती. पहिल्यात पाटी होती: ‘क्रमांक १. करणार: तानाबाई.’ ती वाचून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ठरावाबद्दलचा राग तिथेच विरला आणि जोड त्याने बाहेरच्या मांडणीवर, बाकीच्या सेहेचाळीस जोडांच्या रांगेत पहिल्या जागी ठेवला.

उद्घाटनाला तीनशे बारा माणसं आली. मांडणी दिसल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. भाषणं पावणेदोन तास चालली. तेवढ्यात मागच्या मांडवातून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा वास आला, आणि अध्यक्ष ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणेपर्यंत सभागृह रिकामं झालं होतं.

जालिंदर बाहेर आला. तानाबाईच्या जोडाच्या जागी निळी रबरी स्लीपर होती, पट्ट्याला पिन लावलेली. त्याला फार वाईट वाटलं.

वेणीमाधवांनी मोजणी केली. सकाळी मांडणीवर सत्तेचाळीस जोड होते, संध्याकाळी सत्तेचाळीसच आहेत, सबब काहीही गहाळ झालेलं नाही. (त्यांत एक जोड दोन्ही डाव्या पायांचा होता, तो दुर्मीळ म्हणून वेगळा नोंदवला.) जागा क्रमांक एकवर जे असेल तेच प्रदर्शन क्रमांक एक, असंही ठरलं. तेव्हापासून लोक पिन लावलेली स्लीपर बघतात आणि तानाबाईच्या कल्पकतेचं कौतुक करतात.

जालिंदरच्या अर्जावरून गावात दवंडीही दिली गेली. आपल्याला वाईट चप्पल आली, अशी तक्रार घेऊन अठ्ठावीस जण आले. चांगली आली असं सांगायला एकही जण आला नाही. त्यावरून समितीने निष्कर्ष काढला, की चांगली चप्पल कुणाकडेच गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी काम करता करता जालिंदर एकदम हसायला लागला. सून राजश्री धावत आली.

“काय झालं, मामा?”

“अगं, तितं शोरूमच्या नव्याकोऱ्या चपला होत्या की! आन् गड्यानं घाईत उचलली आजीची. साठ वर्सांची!”

“त्यात हसायचं काय?”

“काचंत ठिवली असती तर लोकांनी नुसती बगितली असती. आता कुणीतरी घालतंय की गं!”

तो माणूस कोण, हे अजून कळलेलं नाही. गावातली सगळी घरं पाहून झाली. राहिले ते बाहेरून आलेले पाहुणे. समितीने मुद्दाम वाचनाची आवड असलेली मंडळी बोलावली होती. हसून दाद देणारी, असल्या गोष्टी शेवटपर्यंत वाचणारी.

जालिंदरचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. चप्पल परत आणू नका, मजेत वापरा. पण कुणी ‘कुठून घेतली हो?’ म्हणून विचारलं, तर दुकानाचं नाव सांगू नका. तानाबाईनं केली, असं सांगा.