खांबेट्यांचं लिंबू

खांबेट्यांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी हातात लिंबू मिळायचं.

"वहिनी, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. ढकलायचं नाही, नुसतं ठेवायचं."

आपण ठेवायचो. लिंबू क्षणभर विचार करायचं, मग आपलं आपण निघून अख्खी बैठकीची खोली ओलांडायचं आणि खिडकीखालच्या हीटरला जाऊन धडकायचं. "बघितलंत?" खांबेटे विचारायचे, तेही अशा थाटात की लिंबाला चालायला त्यांनीच शिकवलं असावं. मग तेच लिंबू धुऊन, चिरून पोह्यांबरोबर पुढ्यात यायचं.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. आम्ही हेगजवळच्या एका छोट्या डच गावात राहायचो आणि खांबेटे समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. मूळचे पुण्याचे, पन्नाशीला टेकलेले, एकटे, स्लोटरडाइक भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. आम्ही बाकीची मंडळी भाड्याच्या घरात सुखी होतो. यांनी हौसेनं कर्ज काढून घर विकत घेतलं, आणि खेमेंटेनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, शेजारीच जमिनीखाली पार्किंग खणायला घेतलं. गल्लीतली घरं खचली. रीतसर चौकशी झाली, समितीनं जाडजूड अहवाल दिला, चूक खेमेंटेची असं ठरलं. दुरुस्ती होणार, तिच्याबरोबर भरपाईही मिळणार, असं जाहीर झालं. गल्लीत त्या आनंदात केक कापला गेला. पुढे काहीच झालं नाही.

खांबेटे दर महिन्याला रजा टाकून खेमेंटेत जायचे. नंबर घेऊन बसायचे. काउंटरवरची बाई गोड हसून सांगायची, काम चालू आहे. घरी आले की चिडचिड आमच्यासमोर. "नुसतं सांगून कोणी बग मान्य करत नाही, वहिनी. रिप्रोड्यूस करून, म्हणजे पुन्हा घडवून दाखवावा लागतो. म्हणून पुराव्याला हात लावायचा नाही."

पुरावा म्हणजे अख्खं घर. भिंतीतली भेग बुजवायची नाही. आपोआप उघडणारं कपाट बांधायचं नाही, त्यामुळे चहा पिताना मधूनच त्यांचे शर्ट दर्शन द्यायचे. चाकांची खुर्ची बाद. जेवताना ताट फिरवून द्यायचे, "भात चढाला घ्या, आमटी उताराला." एकदा माझ्या नवऱ्यानं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, तर खांबेट्यांनी ती काढून त्याच्या हातात परत दिली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आम्ही पाठीमागे खूप हसायचो, पण शनिवारी पोहे खायला न चुकता जायचो.

खालच्या मजल्यावर मेफ्राऊ कोस्टर राहायच्या. मेफ्राऊ म्हणजे बाई, आणि या बाई नव्वदीला आलेल्या. याच घरात लग्न होऊन आल्या, याच घरात नवरा गेला. भरपाईबद्दल त्यांना काडीचं कुतूहल नव्हतं. शनिवारी सकाळी दहाला खांबेट्यांना त्यांच्याकडे कॉफी असायची, डच रिवाजाप्रमाणे. म्हणजे कॉफी, डबा उघडून एक बिस्कीट, आणि लगेच झाकण बंद. "दुसरं बिस्कीट मिळालं तर समजायचं, नागरिकत्व मिळालं," खांबेटे म्हणायचे. लाकडी तक्तपोशीतून बाईंना वरचं सगळं ऐकू यायचं. "गेल्या शनिवारी तुझ्याकडे तीन पाहुणे होते," त्या सांगायच्या. लिंबू किती वेळा गडगडलं त्यावरून त्या पाहुणे मोजायच्या.

अखेर एका शनिवारी खेमेंटेकडून एक जण आली. तरुण मुलगी, अगदी नम्र. खांबेट्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं. ती आधी खालच्या घरात बसली आणि आम्हा सगळ्यांना समजावून सांगू लागली. जी घरं तातडीची ठरतील त्यांचं काम वसंतात सुरू होईल. खालच्या मजल्याची जमीन उखडावी लागेल, म्हणजे मेफ्राऊंना साधारण वर्षभर दुसरीकडे राहावं लागेल. जी तातडीची नाहीत ती यादीच्या शेवटी जातील. किती वर्षं, ते तिला सांगता येत नव्हतं. हे घर कशात बसतं, ते वरचा मजला बघून ठरणार होतं.

"वर्षभर," मेफ्राऊ म्हणाल्या. मग अगदी व्यवहारानं म्हणाल्या, "तर मला सरळ वृद्धाश्रमातच न्या. सामान दोनदा कशाला हलवायचं?"

मुलगी वर गेली, मागोमाग आम्ही. टेबलावर लिंबू तयार होतं. खांबेट्यांनी ते उचललं आणि पटकन खिशात घालायला गेले, पण हातातून निसटलं. खाली पडून ते नेहमीच्या वाटेनं गेलं आणि हीटरला धडकलं.

मुलगी बघत राहिली. "बराच उतार आहे."

"छे," खांबेटे इंग्रजीत म्हणाले. "आमच्या दुकानातली लिंबं अशीच. फार गोल असतात."

"आणि हे कपाट?"

"ते मीच उघडं ठेवतो. कपड्यांना हवा लागते." मग घसा साफ करून म्हणाले, "घर राहण्यालायक आहे. तातडी अजिबात नाही."

तिनं पुन्हा एकदा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि तिनं तसं लिहून घेतलं. ती गेल्यावर मी जिन्यात त्यांना गाठलं. मला खरंच राग आला होता.

"खांबेटे, इतकी वर्षं भांडलात आणि आज हे?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही सगळे पोह्यांना येता, बरं वाटतं. पण या देशात शनिवारी दहा वाजता घड्याळाकडे बघत माझी वाट बघणारं एकच माणूस आहे. जमीन काय, थोडी तिरकी." आणि ते कठडा सोडून खाली उतरू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

खालून कॉफीचा वास आला. मेफ्राऊंनी मलाही बसवलं. त्यांनी कॉफी ओतली आणि छताकडे एकदा बघितलं. त्यांनी काय ऐकलं होतं ते मला तेव्हा कळलं. लिंबू गडगडलं, आणि तरीही खांबेट्यांनी तातडी नाही म्हणून सांगितलं.

त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला, खांबेट्यांसमोर सरकवला आणि झाकण नेऊन स्वयंपाकघरात ठेवून आल्या.