सत्तावीस वर्षं जपलेली बाटली

सेकोन्दोनं एकुलत्या एक मुलीच्या लग्नासाठी सत्तावीस वर्षं जपलेली बारोलो वाइन लग्नाच्या सहा दिवस आधीच संपवली. आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. निदान सोमवारी सकाळपर्यंत तरी नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याच्या तळघरात सहा बाटल्या होत्या. दोन १९९८च्या, म्हणजे नोएमीच्या जन्मसालच्या, आणि चार २००१च्या. घरच्या वाइनला कोणी लेबल लावत नाही. साल भिंतीवर कोळशानं लिहायचं, त्याखाली बाटल्या रचायच्या. लग्नात बापानं मुलीच्या सालची बाटली उघडून पहिला पेला व्याह्यांना द्यायचा, ही गावची रीत. आणि येणारे व्याही स्वतः द्राक्षबागवाले, म्हणजे चूक लगेच पकडणारे.

"ताई, भिंतीवरची सालं कुठं गेली?" सेकोन्दोनं विचारलं.

"चुना मारला की! लग्नघर आहे," त्याची थोरली बहीण ओत्ताविया म्हणाली. "बाटल्याही पुसून एका ओळीत लावल्या. कौतुक राहिलं बाजूला!"

सेकोन्दो खाली बसला. मग म्हणाला, "हरकत नाही. पोरीची वाइन मी झोपेतही ओळखेन."

त्यानं बाटल्या वर स्वयंपाकघरात आणल्या, पहिली उघडली, घोट घेतला आणि मान हलवली. "ही नव्हे. फार मवाळ. नोएमीची तोंड आवळून टाकते." ओत्तावियानं ती बाटली गोमांसाच्या रश्श्यात ओतली.

दुसरी तुरट निघाली. "हीच!" सेकोन्दो ओरडला.

"कशावरून?" दारातून शेजारचा चेल्सो म्हणाला. बूच निघाल्याचा आवाज त्याला दोन बागांपलीकडून ऐकू येतो. "ताडून बघायला आणखी एक नको?"

तिसरी उघडली. तीही तशीच तुरट. चौथीही तुरट. इथं ओत्ताविया बोटं मोजत थांबली.

"सेकोन्दो, नोएमीच्या दोनच होत्या ना? मग तुरट तीन कशा?"

तिघांनी रश्श्याच्या पातेल्याकडे पाहिलं. त्याला फार सुंदर वास सुटला होता.

"म्हणजे मवाळ ती तिची," चेल्सो म्हणाला. "उरलेल्या दोनांत एक अजून आहे. पाचवी उघड. तुरट निघाली, तर सहावी नक्की आपली!"

हिशेब बिनचूक होता. सेकोन्दोनं पाचवी उघडली.

एवढ्यात नोएमी आली. तिनं बापाच्या हातातला पेला घेऊन एक घोट घेतला.

"किती मवाळ आहे, बाबा."

सेकोन्दोनं पेला परत घेतला. "तुझ्या पहिल्या वाढदिवसाला चाखली होती. तेव्हा चावायची."

"मीही चावायचे."

"हो. या अंगठ्याला." त्यानं अंगठा बघितला. सत्तावीस वर्षं तो रोज जिना उतरून बाटल्यांकडे बघून येत होता. पण आत काय चाललंय, हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

उघडलेली वाइन रविवारपर्यंत टिकणार नव्हती. चौघांनी ती हळूहळू संपवली. शेवटचा पेला नोएमीनं बापाला दिला.

"खरं म्हणजे," चेल्सो पेला चाटत म्हणाला, "उरलेल्या दोन्ही तशाच लग्नात नेऊन उघडायच्या होत्या."

"हे आधी नाही सांगायचं?"

"आधी तहान लागली होती."

मंगळवारी नगरपालिकेत एक अर्ज दाखल झाला:

"प्रति, जन्मनोंदणी अधिकारी. विषय: सालातील दुरुस्ती. अर्जदाराची कन्या नोएमी हिचा जन्म १९९८ ऐवजी २००१ साली झाल्याची नोंद येत्या रविवारच्या आत करून मिळावी, ही नम्र विनंती. दिवस, महिना व आई-वडील पूर्वीचेच ठेवावेत. कन्येची हरकत नाही. तीन वर्षं कमी होत असल्यानं ती आनंदात आहे. पुरावा म्हणून २००१ची शिल्लक बाटली एक सोबत जोडली आहे. ती कार्यालयानं बारकाईनं तपासून, परंतु न उघडता, परत करावी."