अजितदांचं ‘न्हायतर’

नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या सीनियर अजितदा मगदूमांनी मी लिहिलेला अख्खा प्रोग्रॅम पुसून टाकला आणि तिथं एकच ओळ लिहिली. मी हबकलोच.

आम्ही शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. भट्टी तापली असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल, एवढंच सांगायला मी पडदाभर मजकूर खरडला होता.

“मर्दा, कीर्तनाला बसलायस व्हय?” अजितदा गरजले. “पायथनमध्ये ही अट एका ओळीत बसती. फक्त ‘न्हायतर काय’ ते लिहायलाच लागतंय. ते गाळलं की ओळ चालतच न्हाय!”

हा नियम त्यांनी संगणकापुरता ठेवला असता तर उपकार झाले असते. एकदा मिसळीच्या दुकानात बसण्याआधीच त्यांनी मालकाला विचारलं, “मिसळीवरचा कट संपला तर?”

“आजवर संपला न्हाय की.”

“ते व्हय. पण संपला तर?”

“तर घरी न्हेऊन जेवू घालतो, बसा आता!” मालक करवादला. तेव्हा कुठं ते निवांत टेकले.

ऑफिसातल्या एकाच्या साखरपुड्यात तर त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेऊन विचारलं, “झ्याक झालं. मोडलं तर?” मुलीच्या मामाचा पेढा हातातच राहिला. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आईवडील लवकर गेले, अक्कानंच त्यांना वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. गेल्या महिन्यात अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दुपारी मी चहा घेऊन दवाखान्यात गेलो. म्हटलं, आज डॉक्टरांची काही खैर नाही.

डॉक्टर आत जाण्याआधी समजावून सांगत होते, “सगळं नीट झालं तर आठवड्यात घरी. नाहीतर...”

“न्हायतर न्हाय!” अजितदा असे ओरडले की अख्खा व्हरांडा दचकला. माझ्या हातातला चहा सांडला. डॉक्टर अजितदांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

अजितदा बाकावर बसले.

“अक्काचं न्हायतर मी कधी लिहिलंच न्हाय रं,” ते पुटपुटले. मग लहान पोरासारखं माझ्याकडं बघून म्हणाले, “चालंल का अशी ओळ?”

मी त्यांच्याशेजारी टेकलो.

“चालती की, दादा,” मी म्हणालो.