तिकीट मागं हाय

ज्या दिवशी दादा वारला, त्या दिवशी वहिनी त्याच्याकडे निघाल्या होत्या. त्या पोचल्या नाहीत.

दादा इंदापूरला कचेरीच्या कामाला गेला होता. तिथंच छातीत कळ आली आणि लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. सणसरला शेजाऱ्यांकडे फोन आला. ते मोटरसायकल काढेपर्यंत वहिनींना दम निघाला नाही. अंगावरच्या साडीनिशी त्या रस्त्यावर आल्या आणि आली ती गाडी धरली. कंडक्टर आला. वहिनींनी जन्मभर गाडीत जे एकच वाक्य म्हटलं होतं तेच म्हटलं, "तिकीट मागं हाय."

मागं दादा असायचा. पुढं बायकांच्या बाकावर वहिनी, मागच्या बाकावर दादा आणि दादाच्या खिशात दोघांची तिकिटं, अशी त्यांच्या संसाराची बैठक होती.

कंडक्टर मागं जाऊन आला. "मागं कोणच न्हाय, मावशी," तो साधेपणानं म्हणाला. वहिनींनी वळून पाहिलं आणि पुढच्या थांब्याला उतरल्या. उतरून तिथंच बसल्या. कारण दादाचा दुसरा नियम होता, "चुकलीस तर जाग्यावरनं हलू नको, मी येतो." मी बारामतीहून इंदापूर गाठलं, तिथून त्यांना शोधत माघारी आलो, तेव्हाही त्या बसलेल्याच होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कसं काय? हे कुठं हायेत?"

माझा भाऊ प्रेमळ होता, असं दहाव्याला सगळे म्हणाले. बायकोला कधी एकटीला पाठवलं नाही, असंही म्हणाले. दोन्ही वाक्यं एकाच सुरात म्हटली गेली. माझा जन्म पुस्तकांत गेला आहे. एवढा फरक मला ऐकू येतो. पण मी नैवेद्याला कावळा शिवायची वाट बघत बसलो.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनींनी मला बोलावून घेतलं. मी दादाचं सिम बंद करायचं काढलं, तर म्हणाल्या, "त्याला हात लावायचा न्हाय. मला येगळा फोन आणा. आन् ती वाट दावणारी बाई त्यात घाला."

मी नकाशा उघडून दाखवला. "हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही."

"मी एवढीशीच?"

"एवढ्याशाच."

"ते येक बरं हाय. कुणाला अडचण न्हाय."

वहिनींचा प्रवास त्या दिवसापासून सुरू झाला आणि आमच्या भागातल्या ड्रायव्हरांची साडेसाती सुरू झाली. वहिनी पहिल्या बाकावर बसून फोन मोठ्यानं लावतात. बाई म्हणते, "उजवीकडे वळा." वहिनी तिला झापतात, "मला काय सांगतीस? त्याला सांग की!" आणि मग स्वतःच ड्रायव्हरला सांगतात. ड्रायव्हर म्हणतो, "मावशी, ईस वर्सं हाय मी ह्या रस्त्याला." वहिनी म्हणतात, "आमचे बी व्हते की चाळीस वर्सं. ईचारून घेतलेलं बरं."

एकदा वालचंदनगरच्या पुढं रेंज गेली आणि ठिपका गावातच राहिला. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "थांबवा गाडी! मी अजून मागंच हाय!"

पूर्ण गाडी हसली. मला हे त्यांनीच सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात म्हणाल्या, "चला भाऊजी, तुमाला इंदापूर दावते." त्या पुढं बसल्या, मी मागं. कंडक्टर माझ्यापर्यंत आला, मी खिशात हात घातला, तर म्हणाला, "तुमचं तिकीट पुढं काढलंय."

इंदापुरात त्या बाजाराला गेल्या नाहीत, कचेरीला नाहीत. फोन समोर धरून दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन थांबल्या. फोनमधली बाई म्हणाली, "तुम्ही तुमच्या गंतव्यस्थानी पोहोचला आहात."

"गंतव्यस्थान म्हंजी काय वो?"

"जिथं जायचं होतं ते."

"मग खोटं बोलती," वहिनी म्हणाल्या. "पर वाट बराबर दावती." आणि परत स्टँडकडे निघाल्या. इंदापूरला त्या एवढ्यासाठीच येतात.

परतीच्या गाडीत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. नकाशावर निळा ठिपका सरकत होता आणि सणसरला एका छोट्या गोलात दादाचा चेहरा होता. दोन फोन एकमेकांना दिसतील असं त्यांनी मोबाईलच्या दुकानातून करून आणलं होतं.

"वहिनी, दादाचा फोन कुणी बघत नाही."

"ठावं हाय मला." त्यांनी पदरानं काच पुसली. "तरी पर त्येला कळतं मी कुठं हाय ते. आता कुणी शोधत फिराया नको."

कंडक्टर आला. वहिनींनी दोन तिकिटं मागितली, त्यातलं एक बायकांचं, अर्धं.

दादाचा फोन सणसरला घरात, भिंतीतल्या देवळीत चार्जरला लावलेला असतो. वहिनी एकट्या जातात आणि एकट्या येतात.